तिसरं नाव

"तरी या दोघांच्या विवाहास कोणाची योग्य हरकत असल्यास त्यांनी ती आता कळवावी," असं आढाव पाळकांनी वाचलं आणि पुढच्या गीताचा नंबर सांगायला चष्मा सारखा केला.

पुरुषांच्या बाजूला, दुसऱ्या बाकावर काठी टेकल्याचा आवाज झाला.

"हरकत हाय," येसोबातात्या म्हणाले.

आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. लग्न ठरलं की त्या देवळात सलग तीन रविवार मुलामुलीची नावं वाचायची आणि हरकत विचारायची, ही जुनी रीत. विचारायचं म्हणून विचारायचं. मालुंजवाडीच्या देवळात आजवर कोणी हरकत घेतली नव्हती. एकदा एक गृहस्थ उठले होते, पण ते तंबाखू थुंकायला. त्या दिवशी तिसरा रविवार होता, नावं तबीथाची, म्हणजे माझी, आणि पौलस चक्रनारायणची होती, आणि हरकत घेणारे येसोबातात्या हे पौलसचे सख्खे आजोबा होते.

माझ्या आत्यानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की जणू मीच उठून बोलले.

"तात्या, नातवाच्या लग्नाला हरकत?" आढाव पाळकांनी विचारलं. ते सेमिनरीतून येऊन वर्षच झालेलं. असल्या प्रसंगाचा धडा त्यांच्या पुस्तकात नसावा.

"पोरगी सोन्यासारखी हाय," तात्या म्हणाले. "नर्स हाय, कमावती हाय, तोंडाळ हाय, ते चालंल. पण तिचा बाप्तिस्मा अर्धवट राह्यलाय. त्या दिवशी पाण्याची वाटी म्या धरली व्हती. पाळकबाबांनी पित्याचं नाव घेतलं, पुत्राचं घेतलं, अन् तिथंच थांबले. तिसरं नाव, पवित्र आत्म्याचं, घेतलंच न्हाई."

सगळं देऊळ वळलं ते माझ्याकडे नव्हे. पहिल्या बाकावर माझे वडील बसले होते, रेव्हरंड शमुवेल पारधे. याच देवळात एकतीस वर्षं पाळक होते आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. माझा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता. ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

ही गोष्ट शहात्तर सालची. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि लग्न दहा दिवसांवर आलं होतं.

उपासना संपल्यावर देवळामागच्या छोट्या खोलीत, जिथे पाळक झगा घालतात, तिथे आम्ही पाच जण कोंबून उभे राहिलो. आढाव पाळक, बाबा, तात्या, पौलस आणि मी. पौलस हायस्कूलात विज्ञान शिकवायचा. वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवणारा माणूस आजोबांपुढे मात्र मांजर व्हायचा.

"तेवीस वर्षं गप्प बसलात आणि आज आठवलं?" मीच सुरुवात केली. गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

"तेवीस वर्षं तू पारध्यांची व्हतीस. आता चक्रनारायणांची होणार, म्हंजे आमचा प्रश्न झाला की."

"मग पहिल्या रविवारी का नाही उठलात? दुसऱ्या रविवारी का नाही?"

"वाट बघितली," तात्या म्हणाले. "म्हणलं, पाळकबाबा उठतील."

बाबा आता पहिल्यांदा बोलले. "मी विसरलो नव्हतो, येसोबा."

"म्या कुठं म्हणलं इसरला?"

तात्या म्हणजे देवळाची घंटा वाजवणारे, झाडलोट करणारे, बाप्तिस्म्याला वाटी धरणारे. बाबांच्या सगळ्या कारकिर्दीत ते त्यांच्या डाव्या हाताला उभे राहिलेले. आज मात्र ते समोर उभे होते.

आढाव पाळकांनी घसा खाकरला. "नियम असा आहे की दोघांचाही बाप्तिस्मा झालेला पाहिजे. तीन नावांनी. नाहीतर मला देवळात लग्न लावता येणार नाही. पण मार्ग आहे. पुन्हा बाप्तिस्मा करू. पाच मिनिटांचं काम. आधी झाला असेल तर हा नाही, नसेल तर हा, असं म्हणून करता येतो."

"बाप्तिस्मा माणसाला एकदा होतो," बाबा म्हणाले. "दुसऱ्यांदा लावलं ते नुसतं तोंड धुणं. माझ्या लेकीला कोणी पुन्हा पाणी लावलं तर मी त्या दिवशी देवळात नसेन. लग्नालाही नसेन."

"अन् लावलं न्हाई तर आमच्याकडनं वरात निघणार न्हाई," तात्या म्हणाले.

म्हणजे झालं. पाणी लावून घ्यावं तर बाप जातो, न लावावं तर नवरा जातो. बाबांनी मला आईवेगळं वाढवलेलं. मी अकरा दिवसांची असताना आई गेली. त्यांना सोडून देवळाच्या पायरीवर उभं राहायचं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. आणि पौलस मला हवा होता. अगदी हवा होता, आता या वयात सांगायला लाजायचं काय.

पुढचे दोन दिवस गावानं माझ्या जिवावर हौसेनं करमणूक करून घेतली. दवाखान्यात मेट्रननं विचारलं, "काय पारधे, तू आता दोन-तृतीयांश ख्रिस्ती ना? मग नाताळची सुट्टी दोन-तृतीयांश द्यायची का?" सतरा नंबरच्या खाटेवरच्या म्हातारीला वाटलं मला काही आजार झालाय, तिनं माझ्यासाठी अंगारा मागवला. आत्या म्हणाली, "बाई गं, एवढ्या लहान चुकीवरनं एवढं मोठं लग्न मोडलेलं मी ऐकलं नाही." मी म्हटलं, "चूक लहान नाही आत्या, चूक पवित्र आत्म्याएवढी आहे." त्यावर तिला हसावं की रडावं ते कळेना.

मंगळवारी ड्यूटी संपल्यावर मी सरळ तात्यांच्या घरी गेले. होणाऱ्या सासरी असं लग्नाआधी जात नाहीत, पण लग्नच होतंय की नाही तिथं रीत कुठली पाळायची. तात्या ओट्यावर अंबाडीची दोरी वळत बसले होते. पौलस शेजारी बसून आजोबांना पटवत होता. कितव्यांदा ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"बस," तात्या म्हणाले. "हा मला देव शिकवतोय. तू बी शीक."

"मी एवढंच म्हणतोय," पौलस म्हणाला, "की देव एक आहे ना? मग पित्याचं नाव घेतलं की सगळं आलं. पाणी, बर्फ, वाफ. रूपं तीन, पदार्थ एक. एकाचं नाव घेतलं की तिन्हीचं घेतल्यासारखंच."

तात्यांनी दोरी खाली ठेवली. "येशू बाप्तिस्म्याला यार्देन नदीत उभा व्हता. वरून बापाचा आवाज आला, अन् आत्मा कबुतरावाणी खाली आला. तिघं एकाच टायमाला. तुझं एकच पाणी एकाच टायमाला बर्फ, वाफ अन् पाणी व्हतं का?"

पौलस प्रामाणिक माणूस. खोटं बोलवेना त्याला. "होतं, तात्या. एका ठरावीक तापमानाला आणि ठरावीक दाबाला तिन्ही एकत्र असतात."

"म्हंजे त्या तापमानाला देव हाय, अन् आपल्याकडं मे महिन्यात न्हाई?"

मी हसले. पौलसनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पक्ष बदलला.

"आढाव पाळक म्हणाले," मी म्हटलं, "एकच माणूस कोणाचा मुलगा असतो, कोणाचा नवरा असतो, कोणाचा बाप असतो. तसं."

"सकाळीच येऊन सांगून गेले. म्या त्यांना इचारलं, मग येशू मरायच्या आदल्या रातीला बागेत गुडघे टेकून रडत कुणाला हाका मारत व्हता? सोताला? चहा न घेता गेले बिचारे."

"बरं, मग चूल घ्या. तीन दगड, पण चूल एक."

"हे बरंय," तात्या म्हणाले. मला वाटलं जिंकलं. "दोन दगडांवर भांडं कलंडतं, म्हंजे माझीच बाजू झाली. पण पोरी, चुलीचा एक दगड काढून शेजारणीला देता येतो. देवाचा एक दगड काढून देता येतोय का? ते तीन देव झाले. तुझ्या बापानं ऐकलं तर तुला पुन्हा रविवारच्या शाळेत बसवतील."

आतून पौलसच्या आईनं चहा आणला आणि कपाळाला हात लावून परत गेली. तिच्या मते लग्नघरात मांडवाचं बोलणं व्हायला हवं होतं.

मला आता राग यायला लागला होता. "एवढं जर सगळं चुकीचं, तर तुम्हीच सांगा ना बरोबर काय ते."

"मला काय कळतंय? म्या वाटी धरणारा माणूस. तुझ्या बापाचे एकतीस वर्षं प्रवचनं ऐकले, तेवढीच अक्कल. एकदा ते म्हणले, देव माणूस झाला म्हंजे बहुरूप्यावाणी न्हाई. बहुरूपी पोलीस होऊन येतो, दमदाटी करतो, सुपलीभर दाणे घेतो अन् जातो. त्याला कुणी खरं तुरुंगात टाकत न्हाई. हा खरा झाला. खरा भुकेला झाला, खरा मेला. ते मला पटलं. अन् मग म्हणले, हा गेल्यावर तिसरा आपल्यापाशी ठिवला, एकटं पडू नये म्हणून. ते बी पटलं. समजलं न्हाई, पण पटलं."

"मग त्या तिसऱ्याला काही कळत नाही का, की बाबांनी बोलावलं नाही तरी आपण यावं? एवढा रुसतो का तो नाव घेतलं नाही म्हणून?"

चेष्टा गेली तात्यांच्या तोंडावरची.

"तो कशाला रुसंल. म्या वाटी धरून उभा व्हतो, तुझ्या बापाच्या तोंडापासून एक हातावर. तिसऱ्या नावाशी आले अन् दात आवळले त्यांनी. इसरलेला माणूस चाचपडतो. हा चाचपडला न्हाई. का आवळले ते मला इचारू नको. त्याला इचार."

"आणि त्यासाठी माझं लग्न अडवलंत?"

"दुसरं काय अडवू? माझ्याजवळ अडवायला दुसरं काय हाय?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. दुपारी बाबा अंगणात, लिंबाच्या सावलीत बसून गीतांच्या फाटक्या पुस्तकांना खळ लावून पुठ्ठे डकवत होते. निवृत्त झाल्यापासून हे त्यांचं काम. पाळकी गेली तरी पुस्तकं त्यांच्याकडेच यायची. मी समोर बसले आणि न विचारता एक पुस्तक दाबून धरलं.

"बाबा, तुम्ही विसरला नव्हतात."

"नाही."

"मग?"

त्यांनी पुठ्ठ्याच्या कडेला खळ लावली, बोटानं सारखी केली. बाबा प्रवचनात तासभर बोलायचे, घरात दिवसाला दहा वाक्यं.

"तू आठ दिवसांची होतीस," ते म्हणाले. "तुझ्या आईला, सुवार्ताला, ताप चढला. बाळंतज्वर. तू नर्स आहेस, तुला सांगायला नको. तीन दिवस मी तिच्या उशाशी होतो. त्या आधी अकरा वर्षं मी लोकांना शिकवत होतो की पवित्र आत्मा हा कैवारी आहे. आपला कैवार घ्यायला जवळ असतो, श्वासाइतका जवळ. तीन दिवस मी त्याला बोलावलं. बापाला नाही, पुत्राला नाही, त्यालाच. बाप वर आहे, त्याचं त्याला ठाऊक. पुत्र स्वतः मेला, त्याला मरण माहीत. पण हा जवळ असतो ना? मग मी जवळ शोधलं. कोणी नव्हतं, तबीथा. ती गेली आणि त्या खोलीत कोणी नव्हतं."

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला.

"महिन्यानं तुझा बाप्तिस्मा. तू माझ्या हातात होतीस. दोन नावं घेतली. ती खरी होती, घेतली. तिसरं घेणार, तर वाटलं, या पोरीच्या डोक्यावर मी खोटं नाव घालतोय. नाही घेतलं."

"पण नंतर कितीतरी बाप्तिस्मे केलेत. दर रविवारी आशीर्वाद दिलात, तिन्ही नावांनी."

"लोकांसाठी. ते माझं काम होतं. माझ्या घरात नाही घेतलं."

खरंच होतं ते. रोज संध्याकाळी आमच्या घरात प्रार्थना व्हायची. मी तेवीस वर्षं ती ऐकत होते, आणि एक नाव तिथे नसतं हे मला कधी कळलं नव्हतं. मला माझ्या बापाची जितकी दया आली तितकाच राग आला. एवढं ओझं घेऊन माणूस वावरला आणि पोटच्या लेकीला पत्ता लागू दिला नाही.

आता मी शहाणपणाचं काही बोलले असेन असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. मला त्रैक्य, म्हणजे तीन मिळून एकच देव, कळलं होतं असं अजिबात नाही. मला लग्न करायचं होतं आणि माझा बाप मला लग्नात हवा होता. मी फक्त दवाखान्यात केसपेपर भरताना विचारतात तसं विचारायला लागले.

"त्या तीन दिवसांत खोलीत कोण कोण येत होतं?"

"कोणी नाही म्हटलं ना."

"माणसं विचारतेय बाबा. माणसं कोण होती?"

"दाई होती. येसोबा होता."

"तात्या काय करत होते?"

"ताप उतरायला बर्फ लागत होता. श्रीरामपूरच्या कारखान्यातून भुशात गुंडाळून सायकलवर आणायचा. दिवसातून दोन खेपा. सव्वीस मैल येऊन जाऊन."

"मला दूध कोण पाजत होतं?"

"येसोबाची बायको. त्यांची शेळी त्यानं आपल्या अंगणात आणून बांधली. ती कापसाच्या बोळ्यानं तुला पाजायची."

"कधीपर्यंत?"

"चार-पाच महिने. आत्या येईपर्यंत."

"तुम्ही जेवत होतात?"

"नव्हतो." ते थांबले. "येसोबा ताट घेऊन समोर बसायचा. बोलायचा नाही. मी जेवेपर्यंत तोही जेवायचा नाही. त्याची पोरं खोळंबायची घरी, म्हणून मग मी जेवायचो."

"आणि खोलीत कोणी नव्हतं," मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे बघायला लागले.

"तो कबुतरासारखा उतरतो असं तुम्ही सगळ्यांना शिकवलंत. तुम्ही तीन दिवस आढ्याकडे कबूतर बघत बसलात. अंगणात शेळी आली, ती दिसली नाही तुम्हाला."

"पवित्र आत्म्याला शेळी म्हणतेस?"

"मी शेळीला काही म्हणत नाही. शेळी कोणी धाडली ते विचारतेय. पुत्र कसा आला? मी रोज बाळंतपणं करते बाबा, मला माहितीय पोर कसं येतं. रक्तात येतं, नाळ कापावी लागते, नाक पुसावं लागतं. देव असा आला हे तुम्हीच सांगता. मग तिसरा येताना अंगाबिगाशिवाय, नुसत्या वाऱ्यासारखा येईल असं का वाटलं तुम्हाला? त्याला सायकल चालवता येत नाही का?"

"आत्म्यानं देह धारण केलेला नाही. देहधारण फक्त पुत्राचं," बाबा म्हणाले. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि माणूस माझा सिद्धांत दुरुस्त करत होता. "तू म्हणतेस ते पाखंड आहे."

"असू दे."

"तो माणसाच्या ठायी येऊन काम करतो, असं म्हण. माणूस होतो असं म्हणू नको."

"बरं, तसं. येसोबातात्यांच्या ठायी आला होता का नाही?"

बाबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. खळीचा हात होता, ती गालाला लागली. मी त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, कारण ते उलटं डकवलं गेलं होतं. ऊन सरकून आमच्या पायाशी आलं तेव्हा ते म्हणाले, "त्या माणसाला मी कधी धन्यवादसुद्धा म्हटले नाहीत. मला वाटलं तो वाटी धरणारा माणूस आहे, त्याचं कामच आहे."

एवढंच. मग उठून आत गेले. होकार नाही, नकार नाही. मी आत्याला म्हटलं, "साडी परत करायची झाली तर दुकानदार घेईल का गं?"

रविवार आला. बुधवारी लग्न, आणि अजून कशाचा कशाला पत्ता नव्हता. उपासना नेहमीसारखी चालली. आढाव पाळकांचं प्रवचन त्या दिवशी दहा मिनिटांत संपलं, बिचाऱ्यांचं लक्ष पहिल्या बाकाकडे होतं. शेवटच्या गीताआधी बाबा उठले. निवृत्त झाल्यापासून ते कधी वेदीजवळ गेले नव्हते.

"पाळकसाहेब, परवानगी असेल तर माझं एक काम राहिलंय," ते म्हणाले.

आढाव पाळक चटकन बाजूला झाले. "पुन्हा बाप्तिस्मा करायचा ना? मी पुस्तक देतो, त्यातली ती अट घातलेली..."

"पुन्हा नाही. एकच आहे तो. मधे थांबलोय, पुरा करायचाय." मग ते लोकांकडे वळले. "येसोबांची हरकत खरी आहे. मी तिसरं नाव घेतलं नाही. विसरलो नव्हतो. माझं भांडण होतं. ते माझं आणि देवाचं, त्यात लेकीला गोवलं. मंडळीनं मला क्षमा करावी."

एकतीस वर्षं ज्यानं इतरांना गुडघ्यावर बसवलं, तो माणूस सगळ्यांसमोर हात जोडून उभा होता. आत्या पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी उठून पुढे गेले.

"येसोबा," बाबांनी हाक मारली, "वाटी धरतोस का?"

तात्या आले. काठी बाकाला टेकवून ठेवली. पितळी वाटी दोन्ही हातांत धरून बाबांच्या डावीकडे, आपल्या जागेवर उभे राहिले. मी गुडघे टेकले. बाबांनी माझा पदर मागे सारला, वाटीत बोटं बुडवली.

"तबीथा," ते म्हणाले. "आणि..."

थांबले.

मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. बोटांवरून पाणी ठिबकून माझ्या कपाळावर पडत होतं, एक थेंब, मग दुसरा. त्यांचा श्वास ऐकू येत होता. पुढचं येत नव्हतं. देवळात एक मूल रडत होतं, तेही गप्प झालं. माझ्या मनात आलं, नाही घेणार. दात आवळले असणार पुन्हा. मी मनातल्या मनात म्हटलं, राहू दे बाबा, नसेल येत तर नका घेऊ, नाही झालं लग्न तरी चालेल. खरंच तसं वाटलं मला त्या घटकेला.

तेव्हा तात्या बोलले. हळूच, पण पहिल्या चार बाकांना ऐकू जाईल असं.

"पाळकबाबा, उरका आता. तेवीस वर्षं वाटी धरून उभा हाय. हात भरून आला माझा."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग बाबा हसले. मी त्यांना देवळात हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांचा आवाज फुटला आणि तशा फुटलेल्या आवाजात त्यांनी नाव घेतलं.

"आणि पवित्र आत्म्याच्या नावाने."

पसाभर पाणी माझ्या डोक्यावर आलं. मानेवरून पाठीत उतरलं. बाबांचा हात तसाच माझ्या डोक्यावर राहिला, दुसऱ्या हातानं त्यांनी तात्यांचं मनगट धरलं होतं. आमेन म्हणायचं राहिलं होतं, ते काही त्यांना म्हणता येईना. ते तात्यांनी म्हटलं.